सोलोच्या अंगणातली केरिस आणि तिचे भलेमोठे भाऊबंद

केतकी_सोलो

नमस्कार मंडळी. गेली तीन वर्षं आम्ही मध्य जावातल्या सोलो शहरात राहतोय. कागदोपत्री नाव सुराकार्ता, पण बोलताना सगळे सोलोच म्हणतात. नवरा इथल्या सूतगिरणीत आहे. इथल्या कट्यारीबद्दल, म्हणजे केरिसबद्दल, लिहायचं कधीपासून मनात होतं. गेल्या आठवड्यात शेजारच्या पाकांनी मला त्यांच्या अंगणात बोलावलं आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. (पाक म्हणजे आपल्या 'काका'सारखं आदराचं संबोधन.)

जावानीज वर्षाचा पहिला महिना सुरो. सुलतान अगुंग यांनी १६३३ मध्ये जुनी कालगणना इस्लामी चांद्रमासांशी जुळवून घेतली, तेव्हापासून सुरो आणि मोहरम एकत्र येतात. या महिन्यात लग्नकार्यं करत नाहीत. घरातली पूर्वजांची शस्त्रं मात्र बाहेर काढून धुतात. त्याला जमासान म्हणतात.

पाकांनी आधी केरिस म्यानासकट कपाळाला लावली. नंतर पातं ओढून न काढता, पातं स्थिर धरून त्यावरून म्यान सावकाश उतरवलं. मूठ काढून ठेवली आणि पातं नारळाच्या पाण्यात भिजत घातलं. बऱ्याच वेळाने लिंबू पिळून ब्रशने घासायला सुरुवात झाली. गंज सुटत गेला आणि लोखंड पांढरट, निस्तेज दिसायला लागलं. इतकं निस्तेज, की हे एवढं जपून ठेवलंय तरी का, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी हातमोजे चढवले आणि एक छोटी बाटली उघडली. आत वारांगान होतं, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेलं आर्सेनिकचं खनिज. आपल्याकडच्या सोमल-मनशिळेच्या कुळातलं. मुलांना लांब उभं केलं. द्रावणाचे दोन-तीन हात फिरले आणि लोखंड काळं पडू लागलं. त्या काळ्यातून चंदेरी ठिपके वर आले. आधी एक-दोन, मग पात्याच्या टोकापर्यंत, जमिनीवर तांदूळ सांडावेत तसे. या नक्षीचं नावच 'बेरास वुताह', सांडलेले तांदूळ. घरात धान्य उतू जावं ही त्यामागची इच्छा. ही नक्षी वरून कोरलेली नाही, लोखंडाच्या आतलीच आहे. शेवटी चंदन आणि मोगऱ्याचं तेल लावून पातं पुसलं आणि कुणाला तरी अंथरुणावर निजवावं तसं कापडावर ठेवलं.

मी विचारलं, "ही कधी वापरली गेली होती का?" पाक म्हणाले, "हे माझ्या आजोबांचेही आजोबा आहेत. आजोबांना वापरतात का?"

इंडोनेशियात केरिसकडे कसं बघतात, हे मला त्या एका वाक्यात समजलं. राजघराण्यातल्या केरिसींना तर माणसांसारख्या पदव्याच असतात: क्याई, कांगजेंग क्याई. योग्याकार्ताच्या सुलतानांची स्वतःची केरिस कांगजेंग क्याई अगेंग कोपेक आणि युवराजाला दिली जाते ती जोको पितुरुन. क्याई म्हणजे पूज्य वडीलधारी व्यक्ती.

कुणाला आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

---

मी_वाईकर

ताई, सुंदर लिहिलंय. ते तांदूळ वर येण्याचं वर्णन दोनदा वाचलं.

एक प्रश्न. मी फोटोंमध्ये माणसाच्या उंचीच्या, अगदी इमारतीएवढ्या कट्यारी पाहिल्यात. त्या खऱ्या असतात का? आणि कमरेला लावायची केरिस नेमकी केवढी?

---

केतकी_सोलो

वाईकर दादा, जावातल्या केरिसचं पातं साधारण ३५ सेंमी. बालीचं त्याहून लांब आणि जड, ४५ सेंमीच्या आसपास. जावात केरिस पाठीमागे कमरपट्ट्यात खोचतात, समोरून दिसतही नाही. बालीत ती पाठीवर उंच आणि तिरकी, मूठ खांद्यामागून डोकावेल अशी. त्या मुठी तर पाहत राहाव्यात अशा: सोन्याच्या पत्र्यातले देव आणि राक्षस, त्यात माणकं जडवलेली. मलय आणि सुमात्राकडे तलवारीसारखी लांब, सरळ केरिसही होती. ती देहदंडासाठी वापरत आणि डाव्या हसळीच्या खाचेतून थेट काळजापर्यंत उतरवत. लांबीमागे उपयोग होता तो एवढ्याच प्रकारात. बाकी सगळीकडे आकार वाढत गेला तो मानासाठी.

इमारतीएवढ्या म्हणताय ती स्मारकं. जाम्बी शहरात तिथल्या सुलतानांच्या सिगिंजाई केरिसचं स्मारक आहे. मदुरा बेटावरच्या सुमेनेपमध्येही आहे, आणि तिथे ते शोभतंच, कारण तिथल्या एंग तोंग-तोंग गावात घरोघरी केरिस घडवतात. मला सगळ्यात आवडलं ते बोगोरचं तुगू कुजांग, १९८२ सालचं, सुमारे २५ मीटर उंच. कुजांग ही केरिस नव्हे. ती पश्चिम जावातल्या सुंदा लोकांची, कोयत्यासारखी वळलेली आणि पाठीवर भोकं असलेली. सुंदा लोक ती पाजाजारान राज्याची खूण मानतात आणि त्या राज्याची राजधानी आजच्या बोगोरातच होती. काही वर्षांपूर्वी स्मारकाच्या शेजारी उंच हॉटेल उभं राहू लागलं, तेव्हा बोगोरकर रस्त्यावर उतरले. आमच्या कुजांगपेक्षा उंच काही नको, एवढंच म्हणणं. हॉटेल झालंच, पण बोगोरची माणसं अजून ते विसरलेली नाहीत.

---

लोहभट्टी

धातुशास्त्रात तीस वर्षं काढली, म्हणून या नक्षीबद्दल लिहितो. तिला पामोर म्हणतात. जावानीजमधल्या मिसळण्याच्या शब्दावरून आलेलं नाव.

साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड यांचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे. घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. असं कित्येकदा. मध्ये धारेसाठी पोलादाची पट्टी बसवायची. केतकीताईंनी जे पाहिलं त्याचं कारण सोपं आहे: आर्सेनिक लोखंडाला काळं करतं, निकेलवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. थर कसे पिळले, कुठे भोसकले, कुठे कापले यावर नक्षी ठरते. कारागीर तापलेल्या लोखंडात आंधळेपणाने काम करतो आणि नक्षी शेवटी उघडते. 'उदान मास', म्हणजे सोन्याचा पाऊस, या नक्षीत पाच-पाच ठिपक्यांचे गट लागतात, फाशावरच्या पाचासारखे. ते पात्यावर नेमक्या अंतरावर आणणं काय असतं, हे हातोडा धरलेल्यालाच कळेल.

पूर्वी हे निकेलयुक्त लोखंड सुलावेसीतल्या लुवू भागातून यायचं. मग अठराव्या शतकात प्रंबनानजवळ उल्का पडली. तिचा मोठा तुकडा सोलोच्या राजवाड्यात नेला आणि त्याचं लोखंड राजघराण्याच्या केरिसींमध्ये घातलं. उरलेला तुकडा अजून तिथे जपून ठेवलाय आणि त्यालाही नाव आहे: कांगजेंग क्याई पामोर. आता बहुतेक कारागीर कारखान्यातलं निकेल वापरतात. त्यात कमीपणा नाही.

---

शब्दवेडा

वा! माझ्या आवडीचा विषय.

जावानीज पुरुषाला परिपूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात असं तिथे परंपरेने सांगतात: विस्मा, वनिता, तुरंगा, कुकिला, चुरिगा. मोठ्याने वाचून बघा! वेश्म म्हणजे घर, वनिता म्हणजे पत्नी, तुरंग म्हणजे घोडा, कुकिला म्हणजे पक्षी (आपली कोकिळा), आणि चुरिगा म्हणजे केरिस. संस्कृतातली छुरिका. आपली सुरी आणि सुरा तिच्याच गोतातले. आपल्याकडे तो शब्द भाजी चिरायला स्वयंपाकघरात गेला आणि जावात देवघरात बसला, हे वाचून मी गप्पच झालो होतो.

आजच्या इंडोनेशियन भाषेत 'चुरिगा' म्हणजे संशय. तिथला बाजारातला माणूस तोच अर्थ घेईल, तेव्हा जपून.

आणि एक वाक्य तिथे फार मानतात: 'चुरिगा मांजिंग वारांका, वारांका मांजिंग चुरिगा'. पातं म्यानात शिरतं, म्यान पात्यात शिरतं. पहिलं कुणालाही कळतं. दुसरं भक्ताने देवात विरावं आणि देवाने भक्तात, अशा अर्थाने घेतात. प्रजा आणि राजा, देह आणि आत्मा असाही. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

---

अनघा_क

आम्ही बालीला बातुबुलानमध्ये बारोंगचं, म्हणजे तिथल्या रक्षण करणाऱ्या सिंहासारख्या दैवी प्राण्याचं, नृत्य पाहिलं होतं. शेवटी पुरुष केरिस घेऊन स्वतःच्याच छातीवर रोखतात, पातं वाकेपर्यंत जोर लावतात. माझ्या मुलीने डोळे झाकून घेतले. गाइड म्हणाला, रांगदा चेटकिणीने त्यांच्यावर मोहिनी घातली म्हणून ते स्वतःवर वार करतात आणि बारोंगच्या कृपेने जखम होत नाही. पर्यटकांसमोरचा तो प्रयोग होता हे मला माहीत आहे, पण देवळातल्या खऱ्या विधीतही हे होतं का?

---

केतकी_सोलो

अनघा, हो, होतं. त्याला ङुरेक किंवा ङुनिंग म्हणतात. देवळाच्या उत्सवात अंगात आलेले पुरुष हे करतात आणि पुजारी तीर्थ शिंपडून त्यांना शुद्धीवर आणतात.

बालीत केरिसशी जोडलेली एक फार दुखरी आठवणही आहे. २० सप्टेंबर १९०६ ला डच सैन्य देनपासारमध्ये शिरलं. बाडुंगचा राजा, राण्या, मुलं, पुरोहित आणि सेवक पांढरी वस्त्रं नेसून, दागिने घालून, केरिस हातात घेऊन राजवाड्याबाहेर आले आणि बंदुकांच्या दिशेने चालत गेले. काहींनी आपल्याच माणसांना आणि स्वतःला केरिसने संपवलं. याला पुपुतान म्हणतात, म्हणजे शेवट. २८ एप्रिल १९०८ ला क्लुंगकुंगमध्ये तेच घडलं. देनपासारच्या मधोमध आज पुपुतान मैदान आहे. संध्याकाळी मुलं तिथे पतंग उडवतात. मी तिथे उभी राहिले होते, आणि आपल्या जौहराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

---

पश्चिमवारा

माझा अनुभव, इतरांना उपयोग व्हावा म्हणून. कामासाठी जाकार्ताला गेलो असताना जुन्या वस्तूंच्या बाजारातून एक केरिस घेतली. दुकानदाराने तीनशे वर्षांची म्हणून सांगितलं, टोकावर उभी करून दाखवली, भरपूर पैसे घेतले. पुण्यात जाणकाराला दाखवली तर पातं अलीकडचं निघालं; आम्लात बुडवून जुनं केलेलं. टोकावर उभं राहणं हा तोल साधण्याचा भाग आहे, वयाशी त्याचा संबंध नाही. वाईट वाटलं ते पैशांपेक्षा या गोष्टीचं, की मी ती घरी सगळ्यांना अभिमानाने दाखवली होती.

घ्यायचीच असेल तर सुमेनेप किंवा सोलोच्या कारागिराकडून नवी म्हणून नवीच घ्या. आणि परतताना हातातल्या बॅगेत ठेवू नका.

---

गडप्रेमी

धागा वाचून दोन गोष्टी आठवल्या.

जेजुरीच्या खंडोबाचा खंडा, सुमारे ४२ किलो. दसऱ्याला एका हातात तोलून धरायची स्पर्धा लागते. तो लढाईसाठी नव्हताच, देवाचाच. मोठं शस्त्र माणसाच्या हातून निघून देवाच्या हाती जातं, हे आपल्याला नवीन नाही.

दुसरी गोष्ट खांडा-लग्नाची. नवरदेवाऐवजी त्याची तलवार पाठवून लग्न लावायचं. मल्हारराव होळकरांच्या हरकूबाई अशाच खांडाराणी. जावा-बालीत असं काही आहे का?

---

केतकी_सोलो

आहे! गडप्रेमी, हे वाचून मी खुर्चीतून उठले. बाली आणि जावात उच्चकुलीन पुरुष स्वतः न जाता आपली केरिस पाठवायचा, आणि वधूचं लग्न तिच्याशी लागायचं. तिला तो माणूसच समजत. साध्या लग्नातही नवरदेवाच्या पाठीला केरिस असते आणि मुठीवरून मोगऱ्याच्या कळ्यांची माळ खाली सोडलेली असते. परवाच्या एका लग्नात नवरदेव वाकला तसा त्या कळ्यांचा वास आमच्या रांगेपर्यंत आला.

दसऱ्याचं म्हणाल तर बालीत तुम्पेक लांदेप असतो, दर २१० दिवसांनी येणारा. लांदेप म्हणजे धारदार. त्या दिवशी केरिस आणि सगळ्या लोखंडी अवजारांची पूजा होते, आणि हल्ली स्कूटर-गाड्यांचीही. हँडलला नारळाच्या पानांची तोरणं बांधलेल्या स्कूटरींची रांग बघून मला आमच्या कोल्हापूरच्या खंडेनवमीची आठवण येऊन भरून आलं होतं.

आणि हे तर सांगायचं राहूनच गेलं. सोलोहून पूर्वेला लावू डोंगराच्या उतारावर चंडी सुकुह नावाचं पंधराव्या शतकातलं देऊळ आहे. तिथल्या एका दगडावर लोहारशाळा कोरली आहे. डावीकडे भीम पातं घडवतोय. उजवीकडे अर्जुन भाता चालवतोय. चामड्याचा नव्हे, बांबूच्या दोन उभ्या नळ्यांत दांडे वर-खाली करायचा, इथल्या पद्धतीचा. आणि मध्ये, भट्टी आणि भात्याच्या मधोमध, आपला गणपती एक पाय उचलून नाचतोय. गणपतीला लोहारशाळेत मी पहिल्यांदाच पाहिलं. पाऊस पडून गेला होता, दगडावर शेवाळ होतं, आणि मी हात जोडून कितीतरी वेळ तिथे उभी होते.

---

जुना_जाणता

योग्याकार्ताचे राजपुत्र दिपोनेगोरो यांचा उल्लेख कसा झाला नाही? १८२५ ते १८३० त्यांनी डचांशी युद्ध केलं. १८३० च्या मार्चमध्ये मागेलांगला बोलणी करायला बोलावून त्यांना पकडलं आणि सुलावेसीला हद्दपार केलं. १८५५ मध्ये मकासारला वारले. त्यांची क्याई नागा सिलुमान ही केरिस कर्नल क्लेरेन्स यांच्यामार्फत १८३१ मध्ये डच राजाकडे पोचली. पुढे संग्रहालयात गेली, आणि शेकडो केरिसींमधली नेमकी कुठली, हेच कुणाला सांगता येईना. जुनी कागदपत्रं चाळून ती शोधून काढली आणि मार्च २०२० मध्ये राजा विलेम-अलेक्झांडर यांच्या भेटीत ती इंडोनेशियाला परत मिळाली. हीच खरी का, यावर तिथल्या जाणकारांत वाद आहेत. पण जवळपास १९० वर्षांनी घरी आली.

२०२३ मध्ये डचांनी आणखी ४७८ वस्तू परत केल्या. त्यात क्लुंगकुंगची एक केरिस आहे. केतकीताईंनी लिहिलेल्या त्याच पुपुतानच्या क्लुंगकुंगची.

---

मी_वाईकर

वाचून अंगावर काटा आला. पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. अमकी केरिस भाग्य आणते, तमकी घराला लागते, हे लोक खरंच मानतात का? त्यातून फसवणूकही होत असेल.

---

शब्दवेडा

मानतात, आणि जुन्या कथाही तसंच सांगतात. केन अरोकने एम्पू गांद्रिंगकडे (एम्पू म्हणजे केरिस घडवणारा निष्णात लोहार) केरिस घडवायला दिली, ती पुरी होईपर्यंत धीर धरवला नाही म्हणून त्याच अर्धवट पात्याने एम्पूला मारलं. मरताना त्याने शाप दिला, ही केरिस सात राजांचा जीव घेईल. पुढे केन अरोकने १२२२ मध्ये केदिरी जिंकून सिंगासारीचं राज्य उभं केलं आणि शेवटी त्याच केरिसने मेला. 'पाराराटोन' या जुन्या ग्रंथात ही कथा आहे. मला ती अंधश्रद्धेपेक्षा अधीरपणाची गोष्ट वाटते. कारागिराचं काम पुरं होऊ दिलं नाही, त्याचा हिशोब चुकता झाला.

---

लोहभट्टी

+१. एम्पू पूर्वी काम सुरू करण्याआधी उपास करत, नैवेद्य दाखवत. माझ्या मते एवढ्या बारीक कामासाठी मन ताळ्यावर आणायचा तो रस्ता होता. मध्यंतरी ही विद्या जवळजवळ बुडाली होती. १९७० च्या दशकात दिट्रिच ड्रेशर नावाचा जर्मन माणूस योग्याकार्ताजवळच्या जेनो हारुम्ब्रोजो आणि त्यांच्या भावांकडे गेला आणि पुन्हा भट्टी पेटवा म्हणून मागे लागला. बापाकडून शिकलेलं आठवून आठवून त्यांनी केरिस घडवली. आज सोलोच्या कलासंस्थेत केरिसची पदवी घेता येते. २००५ मध्ये युनेस्कोनेही केरिसचा मान केला.

---

अनघा_क

केतकी, पाकांच्या त्या केरिसचं पुढे काय? त्यांची मुलं हे करतील का? आमच्या घरी देवघरातली तलवार कुणी न्यायची यावरून दोन भाऊ बोलत नाहीत, म्हणून विचारलं.

---

केतकी_सोलो

अनघा, तुझा प्रश्न मी आज संध्याकाळी पाकांना विचारला. त्यांचा मुलगा सुराबायाला बँकेत आहे आणि त्याच्या फ्लॅटमध्ये आर्सेनिकची बाटली ठेवायला सूनबाई नको म्हणतात, ते बरोबरच आहे. धाकटी मुलगी इथेच आहे, नर्स आहे. आतापर्यंत या घरात पात्याला पुरुषांनीच हात लावला. पाक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हातमोजे कसे घालायचे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

पुढच्या सुरोला लिंबू ती पिळणार आहे. मलाही बोलावलंय. फोटो काढायला पाकांनी परवानगी दिलीय, फक्त म्यान उतरवताना नाही.